गाडी विकली, आर.सी. तशीच राहिली, अपघाताची भरपाई आता कोणी भरायची?

कोगनोळी_नाका (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. प्रश्न घरातला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं गाव निपाणी तालुक्यात, आतेभाऊ पलीकडे कागल तालुक्यात. त्यानं आपली एम.एच. ०९ पासिंगची मोटारसायकल काही वर्षांमागं इकडच्या एका पोराला विकली. रोख पैसे, बाँड पेपरवर दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, किल्ली हातात, झाला व्यवहार. आर.सी.वर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, नाव भावाचंच राहिलं. नाव चढवायचं तर कोल्हापूर आर.टी.ओ.ची एन.ओ.सी. (ना हरकत दाखला) आणायची, इकडचा लाइफ टॅक्स भरायचा. घेणारा 'करतो की' म्हणत राहिला. मधल्या काळात इन्शुरन्सही संपला आणि तो कुणीच भरला नाही.

त्या गाडीनं रस्ता ओलांडणाऱ्या एका बाईला उडवलं. विड्या वळून घर चालवणारी बाई. दवाखान्यात दोन दिवस काढले आणि गेली. घर आमच्याच पेठेतलं, तिची पोरं रोज डोळ्यासमोर असतात.

घरच्यांनी क्लेम टाकला. निकाल लागला: चालवणारा आणि आर.सी.वरचा मालक, दोघांनी मिळून भरपाई व्याजासकट भरायची. पोराच्या नावावर काही नाही. म्हणजे बोजा भावावर आला. तो म्हणतो, गाडी विकून मोकळा झालेला माणूस मी, अपघाताच्या दिवशी गावातही नव्हतो, माझा काय संबंध?

मला दोन्ही बाजू दिसतात. त्या पोरांना पैसा मिळालाच पाहिजे, यात शंका नाही. पण तो भावानंच का द्यायचा? त्या बाँडला काहीच किंमत नाही का? जाणकारांनी सांगावं.

धारवाड_फेरी

मी बेळगाव जिल्ह्यात वकिली करतो, क्लेमच्या केसेस रोजच्या आहेत. तुमच्या भावासारखी माणसं महिन्याला एखादी तरी समोर येऊन बसतात.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम २(३०). मालक कोण, तर ज्याच्या नावावर गाडीची नोंद आहे तो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सुप्रीम कोर्टानं २०१८ साली नेमका हाच प्रश्न सोडवला. त्यात गाडी एकापाठोपाठ एक अशी अनेकांच्या हातात गेली होती आणि नोंद पहिल्याचीच होती. कोर्टानं जबाबदार धरलं ते नोंदीतल्या मालकाला. कारण सरळ आहे. ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्यानं गाडी कुणी कुणाला विकली याचा माग काढत गावोगाव फिरायचं का? त्याला दिसतो नंबर आणि नंबरावरून निघतं ते नाव. कायद्यानं त्याला तेवढा तरी आधार दिला आहे आणि तो योग्यच आहे, असं माझं मत आहे.

कलम ५० वाचा. गाडी विकल्यावर आर.टी.ओ.ला कळवायची जबाबदारी विकणाऱ्यावरसुद्धा आहे. त्याच राज्यात विकली तर १४ दिवसांत, दुसऱ्या राज्यात गेली तर एन.ओ.सी.सह ४५ दिवसांत. घेणाऱ्याला ३० दिवस. आपल्या भागात 'नाव चढवणं घेणाऱ्याचं काम' अशी समजूत पक्की बसली आहे आणि तिनं किती घरं बुडवली त्याची गणती नाही.

बाँडची किंमत आहे, पण ती त्या बाईच्या पोरांविरुद्ध नाही. भावानं पैसे भरल्यावर घेणाऱ्याकडून ते वसूल करायला तोच बाँड कामाला येईल. त्यासाठी वेगळी केस करावी लागते. कागद आणि साक्षीदार जपून ठेवा.

शाहूनगर_बेळगाव

म्हणजे इन्शुरन्स चालू असता तर आर.सी. जुन्या नावावर असूनही कंपनीनं भरलं असतं?

धारवाड_फेरी

हो. कलम १५७ प्रमाणे गाडी विकली की चालू असलेला विमा थर्ड पार्टीपुरता, म्हणजे गाडीनं ज्या तिऱ्हाइताचं नुकसान केलं त्याच्यापुरता, नव्या मालकाकडे गेला असं धरतात. नाव बदललं नाही म्हणून कंपनीला तिऱ्हाइताचे पैसे अडवता येत नाहीत. इथं घात केला तो संपलेल्या विम्यानं.

हुक्केरीची_लेक

मला पलीकडच्या बाजूनं लिहायचं आहे, कारण आम्ही त्या पोरांच्या जागी होतो.

माझे वडील गवंडी. कामावरून अंधारात सायकलनं घरी येत होते. कारखान्याला ऊस टाकून रिकामा परतणारा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रेलर. मागच्या ट्रेलरला दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. वळणावर तो फटकला आणि वडील खाली सापडले. ट्रॅक्टरचा विमा होता, मागच्या ट्रेलरचा नव्हता. केसमध्ये निम्मा वेळ याच वादात गेला.

निकाल आमच्या बाजूनं लागला तेव्हा सगळे पेढे मागायला लागले. निकालाचा कागद म्हणजे पैसा नव्हे, हे त्यांना कोण सांगणार! मालकावर टाकलेली रक्कम वसूल करायला पुन्हा वेगळा अर्ज, पुन्हा तारखा. आई दर तारखेला मजुरी बुडवून बसची वाट बघायची. धाकट्या भावाचं कॉलेज त्यातच सुटलं ते सुटलंच.

म्हणून कोगनोळी_नाका, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं, अगदी मनापासून. पण त्यांना सांगा, अपील करून वर्षं काढू नका. पलीकडे एक चूल आहे.

पॉलिसी_आणि_पावती

मी विमा क्षेत्रात आहे. या भागात रोज दिसणारे काही गैरसमज लिहितो, कारण माणसांना ते अपघात झाल्यावरच कळतात.

'माझा इन्शुरन्स आहे' म्हणणाऱ्याला मी आधी विचारतो, कोणता? नुसती थर्ड पार्टी असेल तर तुमच्या मागं बसलेला माणूस त्यात येत नाही. टिळक सिंग प्रकरणात २००६ साली सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलं. बायकोला मागं बसवून यल्लम्माला निघालात, गाडी घसरली, तिला लागलं, तर नुसत्या थर्ड पार्टीवर कंपनी काही देणार नाही. फुल इन्शुरन्स, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर मागचा येतो. चालवणाऱ्या मालकासाठी १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर वेगळं असतं. ते घेतलंय का, ते पॉलिसीच्या कागदावर बघा.

दुसरं त्याहून मोठं. मालवाहू टेम्पोत, ट्रॅक्टरच्या ट्रेलरमध्ये माणसं भरून जत्रेला, लग्नाला, साखरपुड्याला न्यायची आपल्याकडं रीतच पडली आहे. आशा राणी प्रकरणाच्या २००२ च्या निकालापासून कायदा पक्का आहे: मालाच्या गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. सौंदत्तीच्या वाटेवर एक ट्रेलर उलटला की दहा-पंधरा घरांचे क्लेम एकट्या मालकावर येतात. त्याची दोन-चार एकर त्याला कुठून पुरणार?

आणि थर्ड पार्टीचा हप्ता किती? ७५ ते १५० सी.सी.च्या मोटारसायकलला जून २०२२ च्या दरानं वर्षाला ७१४ रुपये, वर जी.एस.टी. एवढ्यासाठी लोक थांबतात.

गडहिंग्लज_रोड

भरपाईची रक्कम ठरते कशी? कोणाला पाच लाख, कोणाला पन्नास लाख. न्यायाधीशांच्या मनावर असतं का?

धारवाड_फेरी

नाही, ठरलेलं गणित आहे. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७, पाच न्यायाधीशांचं घटनापीठ) या दोन निकालांवर सगळा देश चालतो. एक उदाहरण मांडतो.

समजा ३४ वर्षांचा, स्वतःचा धंदा असलेला माणूस गेला. महिन्याची कमाई १५,००० सिद्ध झाली. मागं बायको, दोन मुलं, आई.

वर्षाचे १,८०,०००. वय ४० च्या आत आणि पक्की नोकरी नाही, म्हणून पुढच्या वाढीपोटी ४० टक्के: २,५२,०००. तो जगता तर स्वतःवर खर्च केला असता म्हणून वजावट. अवलंबून असलेले चार, म्हणजे पाव भाग: उरले १,८९,०००. आता गुणक, म्हणजे वयावरून ठरलेला, किती पटीनं गुणायचं तो आकडा: ३१ ते ३५ वयाला १६. गुणाकार ३०,२४,०००. त्यावर पत्नी, मुलं, आई यांना आपलं माणूस गमावल्याबद्दल प्रत्येकी, शिवाय मालमत्तेचं नुकसान आणि अंत्यविधी. प्रणय सेठीत हे आकडे ४०,००० आणि १५,०००-१५,००० होते, दर तीन वर्षांनी १० टक्के वाढवायचे. एकूण ३२ लाखांच्या पुढे जातं. वर अर्ज केल्या दिवसापासून व्याज. ते ६ टक्के धरलं आणि केस पाच वर्षं चालली तर आणखी साडेनऊ-पावणेदहा लाख.

यातला सगळ्यात नाजूक आकडा म्हणजे कमाई. आपली माणसं रोजंदारीवरची, पगाराची स्लिप नसते. मग कोर्ट अंदाजानं उत्पन्न धरतं, कर्नाटकात त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा वर्षवार तक्ता वापरतात. पण विड्यांच्या कारखान्याचं कार्ड, दूध डेअरीचं पासबुक, ऊस बिलाची पावती, बचत गटाचं खातं, जे असेल ते आणा. त्या बाईच्या घरच्यांनी विडी कामगाराचं कार्ड लावलं असेल तर तो आकडा नक्कीच सुधारला असेल.

जखमींचंही सांगतो. डॉक्टरनं लिहिलेलं अपंगत्व वेगळं आणि कमाईचं नुकसान वेगळं. राज कुमार विरुद्ध अजय कुमार (२०१०) मध्ये कोर्टानं हाताचंच उदाहरण दिलंय: डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते, सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकते. म्हणून साक्षीत तुमचं काम कसं चालतं, कोणत्या हातानं काय करायचात, हे नीट सांगावं लागतं. बरेच जण तिथं गप्प बसतात.

जांबोटी_खोरं

माझा चुलतभाऊ खानापूरचा. चोर्ला घाट उतरून गोव्याच्या हद्दीत त्याला ट्रकनं ठोकलं. पाय मोडला. दवाखान्यात एक जण भेटायला आला, म्हणाला केस गोव्यातच चालणार, मी सगळं बघतो, मिळतील त्यातले तीस टक्के माझे. खरं काय?

धारवाड_फेरी

केस खानापुरातून-बेळगावातून चालवता येते. कलम १६६(२) प्रमाणे अपघात झाला तिथं, अर्जदार राहतो किंवा धंदा करतो तिथं, किंवा समोरचा राहतो तिथं, यातलं ठिकाण निवडायचा हक्क अर्जदाराचा आहे. सीमेवरच्या माणसाला याचा फार उपयोग होतो. निपाणीच्या माणसाला कोल्हापुरात लागलं तरी तो इकडं दावा लावू शकतो. गोव्याची किंवा महाराष्ट्राची पोलिस कागदपत्रं भाषांतर करून लावायची, एवढंच.

टक्केवारीवाल्याला हाकला. वकिलालासुद्धा निकालातल्या रकमेचा वाटा फी म्हणून ठरवता येत नाही, बार कौन्सिलचा नियम आहे. हा तर वकीलही नसेल. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

आणि घाई करा. १ एप्रिल २०२२ पासून अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करायची अट परत आली आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर बसू नका.

जांबोटी_खोरं

धन्यवाद साहेब. आणखी एक. भावाला कन्नड येत नाही. बोलता येतं थोडं, वाचता येत नाही. कागदावर काय लिहिलंय ते न कळताच सह्या करतोय.

धारवाड_फेरी

सही करण्याआधी वाचून घ्यायचा हक्क आहे, तो वापरा. साक्ष मराठीत देता येते. लिहून घेतात कोर्टाच्या भाषेत, पण साक्षीदाराला ती कळत नसेल तर समजावून सांगावं लागतं. शपथपत्र बहुतेक इंग्रजीत असतं, ते वकिलाकडून ओळ न् ओळ मराठीत ऐका. पोलिसांच्या पंचनाम्यातली दिशा बघा: गाडी कुठून कुठं जात होती, रस्त्याच्या कुठल्या कडेला होती. तिथं एक शब्द उलटा पडला की निम्मी चूक जखमीच्या माथ्यावर येते आणि भरपाई तेवढी कापली जाते.

ऊसपट्टा_रायबाग

मी ट्रॅक्टरवाला. हुक्केरीच्या ताईंचं वाचून जेवण गेलं नाही. आमच्याकडं हंगामात गाडी चोवीस तास चालते, ड्रायव्हर मिळत नाही, पोरगं अठराचं झालेलं नसतानाही स्टेअरिंगवर बसतं. काही झालं की गावातली शहाणी माणसं सांगतात, 'लायसन असलेला माणूस दाखवा, कंपनी भरेल.' हे कितपत चालतं?

पॉलिसी_आणि_पावती

दादा, हे कुणी सांगितलं तर उठून निघून जा. कंपनी चौकशी करते. दवाखान्याची नोंद, मोबाइलचं लोकेशन, पहिल्या फोनवर सांगितलेलं नाव, कुठंतरी गाठ सुटते. मग खोटा ड्रायव्हर, मालक, साक्षीदार सगळे फौजदारीत अडकतात आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांचाही क्लेम संशयात सापडतो. दोन घरं बुडतात.

अल्पवयीन पोरगं चालवत असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९-अ आहे: पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० दंड, गाडीची नोंद वर्षभर रद्द.

लायसनचा वाद असला तरी बहुतेक वेळा कोर्ट कंपनीला सांगतं, आधी पीडिताला द्या, मग मालकाकडून वसूल करा. सुप्रीम कोर्टाचा स्वर्ण सिंग निकाल, २००४. पीडिताच्या दृष्टीनं हे चांगलंच आहे. पण मालकानं 'कंपनीनं भरलं' म्हणून सुटकेचा श्वास घेऊ नये. ती वसुली नंतर दारात येते. एक दिलासा मात्र आहे: साडेसात टनाच्या आतल्या मालाच्या गाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठानं ते पक्कं केलं. छोटा हत्तीवाल्यांनी हे लक्षात ठेवा.

ट्रेलरचा विमा वेगळा काढा आणि मागं लाल रिफ्लेक्टर लावा. एका पोत्याच्या किमतीचंही काम नाही ते.

कोगनोळी_नाका

सगळ्यांचे आभार. हुक्केरीच्या ताई, तुमचं लिहिणं भावाला वाचून दाखवलं. बराच वेळ बोलला नाही.

एक विचारतो. घरातले काही जण म्हणतात, निकाल कर्नाटकातला, जमीन महाराष्ट्रात, इकडची जप्ती तिकडं येणार नाही. खरं आहे का?

धारवाड_फेरी

अजिबात खरं नाही. अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या निकालाची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते आणि ती दुसऱ्या राज्यातल्या कोर्टाकडे पाठवता येते. शिवाय कलम १७४ प्रमाणे जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसुलीचा दाखला निघतो आणि एका जिल्ह्याचा कलेक्टर तो दुसऱ्या जिल्ह्याच्या कलेक्टरकडे पाठवतो. त्यासाठीचा कायदा १८९० पासून आहे. दूधगंगा ओलांडली म्हणून देणं अडत नाही, फक्त व्याज वाढतं.

भावानं आता काय करावं, ते सांगतो. अपिलाची मुदत निकालापासून ९० दिवस, जागा कर्नाटक हायकोर्टाचं धारवाड खंडपीठ. अपील दाखल करताना २५,००० किंवा रकमेचा निम्मा भाग, यातलं जे कमी असेल ते भरावं लागतं. जबाबदारीच्या मुद्द्यावर अपिलात दम नाही, फी घेऊनही मी हेच सांगेन. रकमेचं गणित चुकलं असेल, गुणक किंवा वजावट चुकीची धरली असेल, तरच जा.

त्याऐवजी लोकअदालतीत बसा. त्या पोरांच्या घरच्यांशी, त्यांच्या वकिलासमोर, हप्ते ठरवा. एक मोठी रक्कम आधी द्या, बाकीच्या तारखा कागदावर घ्या. व्याजात थोडी सूट द्यायला ते घर तयार होईल, कारण त्यांनाही पैसा आज हवा आहे. पोरं लहान असतील तर त्यांच्या वाट्याची रक्कम कोर्ट बँकेत ठेव म्हणून ठेवतं, ते होऊ द्या.

घेणाऱ्या पोरावर वसुलीचा दावा लगेच तयार ठेवा. बाँड, साक्षीदारांची नावं, पैसे घेतल्याची नोंद, आणि व्यवहारानंतर 'नाव चढव' म्हणून पाठवलेले व्हॉट्सॲपचे निरोप असतील तर ते पुसू नका.

हुक्केरीची_लेक

हप्ते ठरवताना त्या घरातल्या मोठ्या पोराच्या किंवा पोरीच्या परीक्षेची तारीख विचारा. फी भरायच्या आधी पहिला हप्ता आला पाहिजे.

कोगनोळी_नाका

विचारतो. थोरली मुलगी दहावीला आहे. शुक्रवारी भावाला घेऊन त्यांच्या वकिलाकडं जातोय. निकालाची प्रत, बाँड आणि पॉलिसीची जुनी झेरॉक्स काढून ठेवलीय.

धारवाड_फेरी

आर.सी.ची प्रत पण घ्या. आणि गाडी पोलिसांच्या ताब्यातून कोणाच्या अर्जावर सुटली, तो आदेश मिळवा. घेणाऱ्या पोरानं 'मालक मीच' असं लिहून गाडी सोडवली असेल, तर तुमच्या वसुलीच्या दाव्यातला तो सगळ्यात भक्कम कागद ठरेल.